बंद गिरणीत हृदयाच्या ठोक्यांवर दिवे कसे लागतात? खान्देशासाठी यात काय आहे?

जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, अमळनेरची प्रताप मिल. एकेकाळी कामगार वस्त्यांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. गिरणी बंद पडली की आपल्याकडे चर्चा होते ती जागेच्या भावाची. मेक्सिकोतील प्वेब्ला शहरात मात्र २००६ मध्ये जुन्या कापड गिरणीचा वेगळाच उपयोग झाला.

काय होता प्रयोग?
'ला कोन्स्तान्सिया' ही १८३५ची गिरणी. तिथे कलाकार राफाएल लोसानो-हेमर यांनी 'पल्स रूम' मांडली. छताला १०० बल्ब टांगले. प्रेक्षकाने समोरची मूठ धरली की जवळचा बल्ब त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर लुकलुकायचा.

हे चालते कसे?
जिममधल्या ट्रेडमिलची मूठ धरल्यावर ठोके दिसतात, तसेच. मुठीतला सेन्सर ठोके टिपतो, संगणक त्या तालावर बल्ब चालवतो. हात सोडला की तुमचे ठोके पुढच्या बल्बवर सरकतात. नवा माणूस आला की रांगेतला सर्वांत जुना ठोका पुसला जातो.

गिरणीच का?
उंच छत, मोठे मोकळे शेड, जड यंत्रे पेललेली जमीन. अडचणही आहे. अनेक गिरण्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आणि काचेचे असते. दिवसा उजेड आत येतो, त्यामुळे असे प्रयोग रात्रीच शोभतात. जळगावच्या उन्हाळ्यात तेच सोयीचेही.

महाराष्ट्रात काही झाले आहे का?
मुंबईत १८७५च्या ससून डॉकमध्ये २०१७ साली कलाप्रदर्शन भरले. मासळीचा बाजार सुरूच होता. तिथल्या कोळी बांधवांची मोठी छायाचित्रे भिंतींवर लागली.

खान्देशात करायचे तर?
आधी इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, नवे वायरिंग, आग विझवण्याची सोय आणि मालकाची परवानगी. बल्ब आणि सेन्सर त्यानंतर. स्थानिक इंजिनीअरिंग कॉलेजचे विद्यार्थी ते जोडू शकतील.

खरी घाई इमारतीची आणि माणसांची आहे. शेड पाडले की ते परत उभे राहत नाही. साच्यावर काम केलेली पिढी आता थकली आहे. खान्देशात अशी मूठ कधी बसलीच, तर पहिला हात त्यांचा हवा. आणि त्यांचे ठोके पुसले जाणार नाहीत, एवढा बदल प्रोग्रॅममध्ये नक्कीच करता येईल.