गोमतीकाठचा चुनेगच्ची वारसा

लखनौमधील निशातगंज ही मध्यमवर्गीय वस्ती. तिसरी गल्ली, पाचवी गल्ली अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वाटा, दाटीवाटीची दुकाने आणि दिवसभराची वर्दळ असे तिचे रूप आहे. परंतु येथून गोमतीवरील पूल ओलांडला की सिकंदरबाग लागते. तेथून नदीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे निघाल्यास शाह नजफ इमामबाडा, मोतीमहाल आणि छत्तर मंझिल अशी नवाबी वास्तूंची मालिकाच समोर येते. सुमारे दोन शतके उन्हापावसात आणि तोफांच्या माऱ्यातही तग धरलेल्या या वास्तू दगडाच्या नाहीत, तर वीट आणि चुन्याच्या आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

नवाब असफउद्दौला यांनी १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि गोमतीच्या तीरावर बांधकामांना बहर आला. नदी ही त्या काळी शहराची शोभा होती आणि वाहतुकीची वाटही होती. छत्तर मंझिलच्या परिसरात २०१९ मध्ये जतनकार्यासाठी खोदकाम सुरू असताना सुमारे चाळीस फूट लांबीची जुनी लाकडी नाव सापडली, तेव्हा या नात्याचा जणू पुरावाच हाती आला.

मातीतून महाल

लखनौच्या आसपास बांधकामायोग्य दगड नाही. आहे ती नदीने आणून टाकलेली गाळाची माती. तिच्यापासूनच येथील कारागिरांनी लखौरी वीट भाजली. ही वीट आकाराने लहान आणि जाडीने जेमतेम पाऊण ते दीड इंच असते. पातळ असल्यामुळे ती आतपर्यंत सारखी भाजते आणि कमानी, घुमट, वेलबुट्टी अशा वळणदार कामात सहज बसते. तिला जोड मिळाली घाणीत मळलेल्या चुन्याची. चुन्यात विटांची सुरखी मिसळत. उडदाचे पाणी, गूळ, बेलफळाचा गर अशा पदार्थांचाही वापर होत असे. वरून चुन्याचाच गुळगुळीत गिलावा चढवून त्यावर नक्षी उठवली जाई. दुरून संगमरवर भासावा अशी ही चुनेगच्ची हेच लखनवी स्थापत्याचे खरे वैभव होय.

या तंत्राचा कळस म्हणजे बडा इमामबाडा. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून असफउद्दौला यांनी तो बांधावयास घेतला. त्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे. एवढ्या विस्तीर्ण छताला ना लाकडी तुळई आहे, ना लोखंडी आधार. सारा भार वीट आणि चुन्याच्या कमानी तोलतात.

निशातगंजच्या अधिक जवळ असलेला शाह नजफ इमामबाडा म्हणजे अवधचे पहिले बादशाह गाजीउद्दीन हैदर यांचे चिरविश्रांतिस्थान. इराकमधील नजफ येथील हजरत अली यांच्या दर्ग्याचे स्मरण म्हणून त्यांनी तो उभारला. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदरबागेत भीषण रणसंग्राम झाला आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या दोन हजारांहून अधिक सैनिकांनी प्राण अर्पण केले. त्याच दिवशी इंग्रजांनी शाह नजफवर जहाजी तोफा डागल्या, परंतु त्याच्या जाडजूड भिंतींना त्या खिंडार पाडू शकल्या नाहीत.

भिंतीलाही श्वास हवा

तोफांना न हरलेल्या अशा भिंतींना आज निराळाच शत्रू भेटला आहे. तो म्हणजे सिमेंटची चुकीची डागडुजी. जमिनीतली ओल विटांत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओलीची वाट बंद होते. मग भिंतीत खार फुटतो, वीट आतून भुसभुशीत होते आणि काही वर्षांत पोपडे सुटू लागतात. नुकसान मात्र लेखले जाते जुन्या वास्तूच्या नावावर!

हा अनुभव केवळ लखनौचा नाही. सागरी मार्गाने हजला जाणारे भारतीय यात्रेकरू १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजाने ज्या जेद्दा बंदरात उतरत, त्या बंदराचे जुने शहर तांबड्या समुद्रातील प्रवाळाच्या दगडांनी बांधलेले आहे. तेथेही दगड सच्छिद्र आणि सांधणी चुन्याची. दर्शनी भागावर सागवानी जाळीदार गवाक्षे. पुढे सुखवस्तू कुटुंबे नव्या वस्त्यांत गेली आणि देखभालीअभावी कित्येक घरे ढासळली. २०१४ मध्ये या भागाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. एका शहराने समुद्रातून घर घडवले, दुसऱ्याने नदीच्या गाळातून. वापर आणि योग्य डागडुजी यांवाचून दोन्ही टिकत नाहीत, हा धडा मात्र एकच.

वापराने वास्तू कशी जगते, याचे उदाहरण मराठी मनाला विशेष जवळचे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौत संगीत महाविद्यालय सुरू झाले. कैसरबागेतील वाजिद अली शाह यांच्या परीखान्यात पुढे या विद्यालयाचे सूर घुमू लागले. आज ती संस्था भातखंडे संस्कृती विश्वविद्यापीठ म्हणून ओळखली जाते. सिकंदरबागेच्या परिसरातही राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे उद्यान बहरले आहे.

संरक्षित स्मारकांची काळजी वाहण्यास शासकीय यंत्रणा आहेत. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. पण लखनौच्या गल्ल्यांतील लखौरी विटांची घरे असोत वा पुणे-नाशिकचे चुन्यातले वाडे, त्यांचे रक्षक त्यांचे मालकच. अशा घराची दुरुस्ती काढताना चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधणे आणि भिंतीवर सिमेंट थापण्याचा मोह टाळणे, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते. पूर्वजांनी ठेवलेली ही ठेव वाढवता आली नाही, तरी तिची मुद्दल सुखरूप पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे आपल्याला नक्कीच शक्य आहे.