अननसाचा वास आणि शहराची हवा

अत्तराची कुपी उघडली की घरभर सुगंध पसरतो. पेट्रोलचा, रंगाचा, थिनरचा वासही तसाच पसरतो. हे सारे हवेत उडालेले सेंद्रिय पदार्थ. वास विरला म्हणजे ते संपले, असे आपण समजतो. पण ऊन पडले की त्यांचे पुढचे काम सुरू होते.

१९४३ च्या जुलैत अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके उतरले. लोकांचे डोळे झोंबले, पण कारण सापडेना. पुढे आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने हे कोडे सोडवले. ते अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करत होते. तीच रीत त्यांनी शहराच्या हवेला लावली. हवा अतिथंड नळ्यांतून नेऊन तिच्यातल्या वाफा गोठवल्या आणि तपासल्या. १९५२ मध्ये त्यांनी मांडले की, पेट्रोलच्या वाफा आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. तो मोजायला त्यांनी ताणलेले रबर वापरले. तडे जितके लवकर, तितका ओझोन जास्त.

उंच आकाशातला ओझोन आपली ढाल आहे. जमिनीलगतचा मात्र फुप्फुसांना इजा करतो.

वर्गात आम्ही हे सांगतो तेव्हा मुले विचारतात, ‘मग अत्तर लावायचे नाही का?’ थेंबभर अत्तराची चिंता नको, गाड्यांच्या रांगांची करू या. सिग्नलला इंजिन बंद करावे, थिनरचे झाकण घट्ट लावावे. हवा खराब असेल त्या दिवशी भर दुपारी मुलांना आणि दमेकऱ्यांना बाहेर दगदग करू देऊ नये.