कवडशातला सूर्य

भर दुपारी जांभळाच्या नाहीतर कडुनिंबाच्या झाडाखाली उभं राहा आणि जमिनीकडे नीट बघा. सावलीत सांडलेले उजेडाचे ठिपके गोल दिसतील. पानांमधल्या फटी मात्र तिरक्या, त्रिकोणी, फाटक्या, कशाही असतात. तरी खाली ठिपका गोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याचं चित्र असतं. एका झाडाखाली असे शेकडो सूर्य पडलेले असतात आणि आपण त्यांच्यावर चपला ठेवून उभे असतो!

सहावी-सातवीच्या मुलांना आकाश दाखवायचं तर सुरुवात इथून करावी, असं मला मनापासून वाटतं. सूर्याकडे पाठ केली की तो जास्त चांगला दिसतो, हे एकदा अनुभवलं की मुलं विसरत नाहीत.

झाडाखालचा सूर्य लहान असतो. तो मोठा करायला लागतात एक छोटा सपाट आरसा, काळा कागद आणि प्लास्टिकचा चेंडू. आरशावर कागद चिकटवून मधोमध सेंटिमीटरभराचं भोक ठेवायचं. चेंडूत वाळू भरून तो जड करायचा, त्यावर आरसा चिकटवायचा आणि चेंडू चिकटपट्टीच्या रिकाम्या कड्यावर बसवायचा. तो हवा तसा वळतो आणि सोडला की तिथेच थांबतो. हे सगळं मैदानातल्या उन्हात ठेवून कवडसा वीस मीटरवरच्या अंधाऱ्या वर्गात, समोरच्या भिंतीवर पाडायचा. आरशात कुणी डोकावायचं नाही आणि कवडसा कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, एवढी ताकीद आधीच द्यावी.

भिंतीवर बशीएवढा सूर्य येतो. भोक चौकोनी कापा, त्रिकोणी कापा, बिंब गोलच राहतं. मग मुलांच्या लक्षात येतं की ते सरकतंय. वीस मीटरवर बिंब मिनिटाला आठेक सेंटिमीटर पुढे जातं. कडेला पेन्सिलची रेघ मारून ठेवली तर बघता बघता बिंब ती ओलांडून जातं, आणि दोनेक मिनिटांत आपल्या रुंदीइतकं सरकतं. आरसा कुणी हलवलेला नाही, भिंत जागेवर आहे. फिरतेय ती पृथ्वी, आणि तिचं फिरणं इथे नुसत्या डोळ्यांना दिसतं. पाठ्यपुस्तकात हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण ते घडताना पाहिलेली माणसं किती असतील?

आता मोजपट्टी काढा. बिंबाची कड थोडी धूसर असते. त्या धूसर पट्ट्याच्या मध्यापासून पलीकडच्या मध्यापर्यंत मोजायचं. सुमारे साडेअठरा सेंटिमीटर भरतं. आरशापासून भिंत दोन हजार सेंटिमीटर, म्हणजे अंतर बिंबाच्या १०८ पट. खरा सूर्य आणि आपल्यातलं अंतरही याच प्रमाणात असतं. ते अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्याला १०८ ने भागलं की उत्तर येतं जवळजवळ १३ लाख ९० हजार किलोमीटर. हा सूर्याचा व्यास! सातवीतल्या गुणोत्तर-प्रमाणाच्या गणिताने, शाळेच्या भिंतीवर मोजलेला. यापेक्षा मोठं काही प्रयोगशाळेत घडावं लागतं असं मला वाटत नाही.

थेट बघितलं असतं तर हाती काय लागलं असतं? इजा. भिंगाने कागद जाळताना पाहिलेल्या मुलाला हे लगेच पटतं, कारण डोळ्यातही भिंगच आहे आणि ते उजेड दृष्टिपटलावर एकवटतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा होताना काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो, आणि तो कधीकधी कायमचा राहतो. ग्रहणात धोका आणखी फसवा असतो. एकूण उजेड कमी झाल्याने बाहुली मोठी होते, पण उरलेली कोर तेवढीच प्रखर असते. म्हणून एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, परातीतलं पाणी यांतलं काहीही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे ग्रहण-चष्मे एक लाखातले जेमतेम तीन भाग उजेड आत सोडतात, पण त्यांवर ओरखडा नसावा आणि ते घालून दुर्बिणीतून तर मुळीच बघू नये.

कवडशाचा आणखी एक मोठेपणा आहे. चष्म्यातून एकेकाला दिसतं. भिंतीवरचा सूर्य साठ मुलं एकदम बघतात, बोट दाखवून भांडतात, मोजतात. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरही असाच बघत असे. १६०७ च्या मे महिन्यात प्रागमध्ये, छपराच्या फटीतून आलेल्या बिंबावर त्याला काळा ठिपका दिसला. बुध सूर्यावरून जातोय असं त्याने ठरवलं. सूर्यावरचे डाग माहीत झाल्यावर, आपण पाहिला तो डागच होता हे त्याने पुढे मान्य केलं. दुर्बीण आकाशाकडे वळण्याच्या आधीची ही गोष्ट!

सूर्याकडे न बघता सावलीतूनही तो असाच समजतो. भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात गोव्याकडून वर सरकत नागपूरपर्यंत पोचतो. पुण्यात तो १३ मेच्या आसपास येतो, म्हणजे नेमका सुट्टीत. जुलैअखेरीस तो परततो तेव्हा ढग असतात. तेवढ्यासाठी सुट्टीत एक दुपार शाळेचं मैदान उघडावं.

२ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, दुपार कलताना महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. शाळा भरलेली असेल. त्या दिवशी खिडक्या लावून मुलांना आत बसवू नका. ढग फाटले तर पुऱ्या तळायच्या झाऱ्याखालीही शेकडो कुरतडलेले सूर्य पडतील, आणि आरसा-चेंडू असेल तर दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या कागदावर कड गिरवून चंद्र किती पुढे सरकला ते मोजता येईल. पण चेंडू नेमका वळवायला हाताला सराव लागतो, तेव्हा यंदाच्या हिवाळ्यातच, स्वच्छ उन्हात, पहिला कवडसा पाडून बघा.