हापशाच्या पोटात काय आहे?

सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. रिक्षावाला तेच नाव घेतो, बसमधला उतारूही तेच सांगतो. पण त्या चौकात उभे राहून रस्ते मोजून पाहिलेला माणूस विरळा. जे रोज डोळ्यांसमोर असते, त्याच्याकडे आपण बघतच नाही.

हाताळायच्या वस्तूंचेही असेच होते. बटणांचा मोबाईल घ्या. पाच आकड्याच्या बटणावरून बोट फिरवा. बारीकसा उंचवटा हाताला लागेल. अंधारात किंवा आंधळ्या माणसाला मधले बटण चटकन सापडावे, म्हणून तो ठेवलेला असतो. दहा दहा वर्षे फोन वापरूनही पुष्कळांना तो ठाऊक नसतो.

मोटारीचे बघा. तेलाच्या काट्याजवळ पंपाचे लहान चित्र असते आणि त्याच्या शेजारी एक बाण. टाकीचे झाकण ज्या बाजूला, त्या बाजूला बाणाचे टोक. अमेरिकेत फोर्ड कंपनीत काम करणाऱ्या जिम मॉयलन यांनी १९८६ साली ही युक्ती सुचवली. आज पुष्कळ मोटारींत तो बाण असतो. तरी पंपावर आल्यावर खिडकीतून मान काढून झाकण शोधणारे ड्रायव्हर आहेतच.

टिपका कळला नाही, बाण दिसला नाही, तर फारसे बिघडत नाही. पण गावात एक यंत्र असे आहे, की ते नीट ओळखले नाही तर साऱ्या आळीचे पाणी तुटते. ते यंत्र म्हणजे हापसा. कागदोपत्री त्याला हातपंप म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हापसा काय ओळखायचा? लहानपणापासून हापसतो आहोत. तर मग सांगा पाहू, हापशाचा पंप कुठे असतो?

पंप वर नाही, खाली आहे

ओट्यावर जे लोखंडी धूड उभे असते, त्याला आपण पंप म्हणतो. पण पाणी उचलणारा खरा पंप तो नव्हे. तो जमिनीच्या पोटात, खाली पाण्यात बुडालेला असतो. वर दिसतो तो नुसता दांडा आणि पाणी बाहेर पडायचे तोंड.

असे का केले? वरून ओढून पाणी फार उंच चढत नाही. हवेच्या दाबाने पाणी चढते, आणि तो दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट उचलू शकतो. प्रत्यक्षात पंचवीस फुटांच्या पुढे काम अवघड होते. आपल्याकडे पाणी शंभर, दीडशे फुटांवर असते. ते वरून ओढून येणार नाही. म्हणून पंपच पाण्यात नेऊन ठेवायचा आणि पाणी खालून वर ढकलायचे.

खाली एक नळकांडे असते. त्यात एक दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला वाट्या बसवलेल्या असतात. आपण त्यांना वायसर म्हणतो. आत दोन झडपा असतात. एक दट्ट्यात, दुसरी नळकांड्याच्या तळाशी. दट्ट्या वर आला की त्याची झडप मिटते, आणि वरचे पाणी उचलले जाते. त्याच वेळी तळाची झडप उघडते आणि नवे पाणी आत शिरते. दट्ट्या खाली गेला की तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते, आणि पाणी त्याच्या वर येते. पुन्हा दट्ट्या वर. असे करत करत पाइप काठोकाठ भरतो आणि पाणी तोंडातून पडू लागते.

दट्ट्यापासून वरपर्यंत लोखंडी सळया जोडत आणलेल्या असतात. शेवटची सळई वर दांड्याशी येते. आणि तिथे, डोक्यावरच्या पेटीत, झाकणाआड, एक साखळी आहे.

साखळी कशाला?

ही साखळी म्हणजेच हापशाची खरी अक्कल. आणि ती अक्कल आपल्या सोलापूरची आहे.

पूर्वी बोअरवर बिडाचे पंप बसवत. ते परदेशांतल्या पंपांवरून घेतलेले होते. तिकडे एका शेतावर एक घर, आणि त्या घरापुरता एक पंप. दिवसातून चार वेळा कोणी दांडा हलवला तर हलवला. आपल्याकडे एका पंपावर सारी वस्ती. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबत नाही. बिडाचे पंप या कामाला टिकेनात. खिळी झिजायची, दांडा वाकडा चालायचा, सळई एका अंगाने घासायची आणि शेवटी मोडायची. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात बोअर पुष्कळ पाडले गेले. पण पाहणी झाली तेव्हा त्यांवरचे बहुतेक पंप बंद आढळले. जमिनीत पाणी होते, वर माणसे तहानलेली होती. आडात होते, पण पोहऱ्यात येत नव्हते.

त्या काळात जालना आणि सोलापूर भागांत पाण्याचे काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी आणि इथल्या कारागिरांनी पोलादाचे दणकट पंप तयार केले. सोलापूरचा पंप त्यांत सर्वांत टिकाऊ ठरला. इंग्रजीत शहराचे नाव जुन्या पद्धतीने ‘शोलापूर’ लिहीत, म्हणून तो शोलापूर पंप म्हणून ओळखला गेला. पुढे भारत सरकार आणि युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था यांनी तोच पंप आधाराला धरून सुधारला. तामिळनाडूत कोइमतूरजवळ त्याची कसून परीक्षा झाली. त्याचे नाव इंडिया मार्क टू. १९७९ साली त्याचे सरकारी माप ठरले, आय. एस. ९३०१. माप एक झाल्यामुळे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसू लागला. १९९५ च्या सुमारापर्यंत असे सुमारे पन्नास लाख पंप तयार झाले होते. आफ्रिकेतल्या खेड्यांतही ते पोचले.

या पंपात दांड्याला एकच आस ठेवला, आणि तो छर्‍यांच्या बेअरिंगवर बसवला. दांड्याच्या आतल्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखी कमान केली. त्या कमानीवरून साखळी खाली सोडली. आडावरच्या चाकावरून दोर कसा सरळ खाली उतरतो? तशीच ही साखळी सरळ उतरते. दांडा कसाही हलो, सळई सरळच वरखाली होते. घासत नाही, म्हणून मोडत नाही.

आता एक गंमत लक्षात घ्या. दोराने ओढता येते, ढकलता येत नाही. साखळीचेही तसेच. आपण दांडा खाली दाबतो तेव्हा साखळी सळईला वर ओढते. पण दांडा वर नेला म्हणजे सळईला खाली कोण ढकलते? कोणी नाही. सळया आपल्याच वजनाने खाली उतरतात. म्हणून दांडा वर नेताना जोर लावायचे कारण नाही. त्याला नुसता वर जाऊ द्यावा.

आणि दांडा एवढा जड, भरीव लोखंडाचा का? तोही सळयांच्या वजनाला तोलून धरण्यासाठी. आपल्या हाताकडची बाजू लांब, साखळीकडची आखूड. त्यामुळे आपला जोर आठपट होऊन सळईला लागतो. म्हणूनच दहा वर्षांची पोरही दीडशे फुटांवरचे पाणी वर आणते.

आखूड झटके नकोत

पुष्कळ ठिकाणी बाया घाईघाईने दांड्याला आखूड आखूड झटके देतात. वाटते, पाणी लवकर येईल. पण दट्ट्या तेवढ्याच चार बोटांच्या जागेत घासत राहतो आणि नळकांडे तिथेच झिजते. पाणीही कमी येते. दांडा सावकाश, पण पुरा वर आणि पुरा खाली न्यावा. मात्र शेवटाला आपटू नये. मुलांना दांड्याला लोंबकळू देऊ नये.

हापशाच्या पायाकडेही बघा. पाय काँक्रीटमध्ये गच्च बसवलेला असतो. तो नुसता धरून ठेवण्यासाठी नव्हे. ओट्यावरचे घाण पाणी बोअरच्या कडेने आत उतरू नये, म्हणून ती बंदिस्ती असते. ओट्याला तडा गेला, नाली तुंबली, हापशाखाली म्हशी धुतल्या, तर ते पाणी झिरपून खाली जाते. मग तेच आपल्या घागरीत येते, आणि घरात हगवण शिरते.

दोन परीक्षा

हापसा बिघडण्याआधी सूचना देतो. ती ओळखायला मिस्त्री लागत नाही. आकडे मोजता आले म्हणजे पुरे.

पहिली परीक्षा. पाणी येईपर्यंत हापसा. मग अर्धा तास कोणालाही हात लावू देऊ नका. नंतर पुन्हा हापसा आणि मोजा. पाच हापशांच्या आत पाणी आले तर पंप बरा आहे. सात, दहा, पंधरा लागले तर खालची झडप गळते आहे, किंवा पाइपला कुठे तरी भोक पडले आहे.

दुसरी परीक्षा. पाण्याची धार नीट सुरू झाली की बादली लावा. पुरे चाळीस हापसे मारा. साधारण बारा ते पंधरा लिटर पाणी यायला हवे. त्याहून फार कमी आले तर वायसर झिजले असतील.

पण थांबा. दोष यंत्राचा की पाण्याचा, हेही ओळखले पाहिजे. आधी धार चांगली येते, मग बारीक होते, आणि तासाभराने पुन्हा चांगली येते, असे होत असेल तर पंप ठीक आहे. बोअरमध्ये पाणी कमी आहे. तिथे नवे वायसर घालून उपयोग नाही. पाणी अडवण्याचे, जिरवण्याचे बघावे लागेल.

दांडा एकाएकी हलका झाला आणि पाणी अजिबात येईना, तर सळई सुटली किंवा तुटली असे समजा. दांड्यातून कुरकुर ऐकू येते, तर साखळी कोरडी असेल किंवा बेअरिंग गेले असेल. साखळीला महिन्यातून एकदा ग्रीस लावायचे असते आणि सगळे नटबोल्ट आवळायचे असतात. ते काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्यावे. झाकण उघडे असताना कोणी दांडा हलवला तर बोट चेंगरते.

हे काम बायांचेही आहे

कोणी म्हणेल, यंत्राचे काम बायांना काय कळणार? उत्तर प्रदेशात बांदा जिल्हा आहे. तिथे १९९० नंतरच्या वर्षांत महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमात खेड्यांतल्या बाया हापसा दुरुस्त करायला शिकल्या. पाना हातात घेतला, पाइप वर काढले, वायसर बदलले. त्यांतल्या पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. कामाची नोंद ठेवायची तर लिहायला हवे, म्हणून त्या लिहायला शिकल्या. पुढे तिथल्या बायांनी ‘महिला डाकिया’ नावाचे स्वतःचे पत्रक काढले. आधी पाना, मग पाटी.

तुमच्या हाती आता पाटी आलीच आहे. तिचा उपयोग हापशावर करा. त्यावर किंवा जवळच्या पाटीवर काही लिहिले असेल तर वाचा. ‘पाणी पिण्यास योग्य नाही’ असे लिहिलेले असेल तर ते पाणी धुण्याभांड्याला वापरा, पिऊ नका. पंपाचा क्रमांक लिहिलेला असेल तर तो वहीत टिपून ठेवा.

आज पुष्कळ गावांत नळ आले आहेत. पण वीज गेली, मोटार जळली, की सारे गाव पुन्हा हापशाकडेच येते. त्या दिवशी तो चालू हवा. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीला कळवता येते. ‘हापसा बिघडला’ एवढेच सांगू नका. काय बिघडले ते लिहा, म्हणजे मिस्त्री योग्य सामान घेऊनच येईल. अर्ज असा लिहावा.

*मा. सरपंच, ग्रामपंचायत ……… यांस,*

*आमच्या आळीतील हातपंप क्रमांक …… दिनांक …… पासून नीट चालत नाही. अर्धा तास बंद ठेवून पाहिला. पाणी येण्यास …… हापसे लागतात. चाळीस हापशांत …… लिटर पाणी येते. या पंपावर …… घरे पाणी भरतात. तरी पंचायत समितीस कळवून लवकर दुरुस्ती करून द्यावी, ही विनंती.*

*सही ………*

रिकाम्या जागा भरा. खाली आळीतल्या ज्यांना ज्यांना सही येते, त्या सर्वांच्या सह्या घ्या. अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा, आणि तिच्यावर पोच घ्यायला विसरू नका.