समाजशास्त्राची वाट : पदवीपासून प्रबंधापर्यंत

लग्नघरी पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली, की नात्यागोत्याच्या गोष्टी हटकून निघतात. इंदूर, दिल्ली किंवा कानपूर येथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबात मामाच्या मुलीशी भाच्याचे लग्न ठरते, आणि शेजारच्या हिंदी भाषक घरी त्याविषयी कुजबूज होते. कारण त्यांच्या दृष्टीने मामेबहीण ही सख्ख्या बहिणीसारखीच. तेच कुटुंब मद्रासकडे राहत असते, तर तेथील शेजाऱ्यांना त्यात नवल करण्यासारखे काहीच वाटले नसते. तिकडील कित्येक जातींत तर खुद्द मामाचे भाचीशी लग्न लागत आले आहे. आणि आपल्याकडे तरी पाहा : मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी सून करून आणावयाची म्हटले, की अनेक जातींतील वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. असे का, हे विचारले तर उत्तर एकच मिळते : ‘पूर्वीपासून असेच आहे.’

वाचकहो, या उत्तराने ज्याचे समाधान होत नाही, त्याच्यासाठी समाजशास्त्र हा विषय आहे.

डॉ. इरावती कर्वे यांचे या उत्तराने समाधान झाले नाही. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी देशाचे चार विभाग कल्पिले आणि कोणत्या भागात कोणाशी सोयरीक होते, नात्यांना कोणते शब्द आहेत, सासरी गेलेली मुलगी माहेरापासून किती दूर पडते, याची सविस्तर मांडणी केली. उत्तरेत मुलगी बहुधा परक्या गावी, परक्या माणसांत जाते. दक्षिणेत पुष्कळदा ती ओळखीच्याच घरात जाते. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर उभा आहे, म्हणून आपल्या चालीरीतींत दोहोंचे मिश्रण आढळते. ज्या गोष्टीला आपण घरगुती रूढी म्हणून सोडून देतो, तिच्यातून साऱ्या देशाचा नकाशा उलगडतो, हे त्या ग्रंथामुळे ध्यानात येते.

अशा विषयाकडे आपला मुलगा किंवा मुलगी वळू पाहत असेल, तर आईवडिलांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. पहिली शंका, हा विषय म्हणजे नेमके काय. आणि दुसरी, याने पोट भरेल काय. दुसरीचे उत्तर पुढे येईल. पहिलीविषयी एवढे सांगितले पाहिजे, की समाजशास्त्र आणि समाजकार्य यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. समाजकार्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत, बालगृहात प्रत्यक्ष साहाय्य कसे करावे हे शिकतो. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था प्रथम त्याच कामासाठी उभी राहिली. समाजशास्त्राचा विद्यार्थी समाज कसा चालतो हे समजून घेतो. दोघांची भेट पुष्कळ ठिकाणी होते, पण प्रवेशाचा अर्ज भरताना हा भेद ध्यानात ठेवावा. चुकीच्या वर्गात जाऊन बसलेली आणि वर्षभर हिरमुसलेली मुले दरवर्षी आढळतात.

भारतात या विषयाचा पहिला विद्यापीठीय विभाग मुंबईस १९१९ साली निघाला आणि नगररचनाकार म्हणून गाजलेले पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पासून त्याची धुरा मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांजकडे आली. घुर्ये मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. केंब्रिजला जाऊन मानवशास्त्र शिकून आलेले. पोथी आणि प्रत्यक्ष यांची सांगड घालण्याची त्यांची हातोटी पुढे त्यांच्या शिष्यांत उतरली. इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी; म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास आणि भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर लिहिणारे अक्षयकुमार देसाई हेही त्यांचेच विद्यार्थी. श्रीनिवासांनी पुढे बडोद्यास व नंतर दिल्लीस, १९५९ साली, नवे विभाग उभारले. लखनौस राधाकमल मुखर्जी यांची परंपरा स्वतंत्रपणे वाढली. आज देशातील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत हा विषय आहे, आणि घरी राहून शिकावयाचे असल्यास इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची सोयही आहे.

आता वर्गात काय होते ते पाहू. पदवीच्या वर्षांत विद्यार्थ्याची ओळख होते ती प्रथम कुटुंब, विवाह, जात, वर्ग, धर्म, शिक्षण अशा नित्य परिचयाच्या शब्दांशी. मात्र हे शब्द तेथे नव्याने शिकावे लागतात. मग येतात मार्क्स, दुर्खीम आणि वेबर ही त्रयी. यांपैकी दुर्खीमचा १८९७ सालचा आत्महत्येवरील ग्रंथ विद्यार्थ्याच्या मनावर बहुधा सर्वांत खोल ठसा उमटवतो. माणसाचे याहून खासगी कृत्य दुसरे कोणते? तरीही युरोपातील आकडेवारी मांडून दुर्खीमने दाखविले, की तिचे प्रमाण प्रॉटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा अधिक आणि अविवाहितांत विवाहितांपेक्षा अधिक असे, आणि वर्षामागून वर्षे ते फारसे बदलत नसे. त्याच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ आक्षेप निघाले, आणि ते आक्षेपही वर्गात शिकविले जातात. परंतु एकेकट्या माणसाच्या दुःखामागेही त्याच्या समूहाचा हात असतो, हा विचार एकदा मनात रुजला, की तो जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार, म्हणजे २०२० नंतरच्या रचनेत, पदवी तीन वर्षांची घेता येते किंवा चौथे वर्ष पुरे करून सन्मान पदवीही मिळविता येते. चौथ्या वर्षात संशोधनाचा मार्ग निवडणाऱ्यास लघुप्रबंध लिहावा लागतो. माझे मत विचाराल, तर ज्याला पुढे जावयाचे आहे त्याने हे चौथे वर्ष टाळू नये. आणि ज्याला जावयाचे नाही, त्याने केवळ मानाखातर ते करू नये. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर ते एका वर्षातही पुरे होऊ शकते.

एम. ए.ला पाठ करून भागत नाही. तेथे स्वतः निबंध लिहून वर्गापुढे वाचावा लागतो, आणि सहाध्यायी त्यावर तुटून पडतात. हा प्रकार नकोसा वाटला, तर एक गोष्ट आठवावी. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर असाच एक निबंध वाचला. जातीचा गाभा जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. तो विद्यार्थी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर गेलेला, त्याचे नाव भीमराव आंबेडकर. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी तो निबंध जातीवरील अभ्यासक्रमांत आजही वाचला जातो.

एम. ए.च्या सुमारास क्षेत्रकार्याशी गाठ पडते, आणि विषयाची खरी परीक्षा तेथे होते. प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडणे हा त्यातील सोपा भाग. अवघड भाग असा, की लोकांमध्ये राहावयाचे, त्यांचे ऐकावयाचे आणि रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात दिवसभराचे सारे लिहून ठेवावयाचे. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात असे राहिले. गावाला त्यांनी आपल्या लिखाणात ‘रामपुर’ असे टोपणनाव दिले. ज्यांनी विश्वासाने घर उघडले, त्यांची ओळख झाकून ठेवणे हा या शास्त्राचा धर्मच आहे. त्या टिपणांवर ते अठरा वर्षे काम करीत होते. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ग्रंथलेखनासाठी गेले असता, ज्या संस्थेत ते बसत, तिला २४ एप्रिलच्या पहाटे कोणी आग लावली. संस्कार करून ठेवलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती त्यांच्याच खोलीत होत्या, त्या जळाल्या.

अशा वेळी माणसाने काय करावे? सोल टॅक्स या स्नेह्याने त्यांना सुचविले, की जे आठवते त्यावरच लिहा. श्रीनिवासांनी तसे लिहिले, आणि १९७६ साली आठवणीतले ते गाव इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात गावचा पाटील आहे, पिके आहेत, भांडणे आहेत, बैल आहेत आणि माणसांचे हेवेदावेही आहेत. हे चित्र वरच्या जातींच्या ओसरीवरून दिसलेले आहे, अशी टीका पुढे झाली. आणि ती टीका विद्यार्थ्याने ग्रंथाइतक्याच काळजीने वाचावी. गावात आपण कोणाच्या घरी उतरतो, यावर आपल्याला काय दिसेल हे पुष्कळसे ठरते. (टिपणांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, हा व्यावहारिक धडा आहेच. हल्ली संगणक आहेत, तरीही प्रबंध हरवल्याच्या कहाण्या काही संपलेल्या नाहीत.)

आता पीएच. डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही मधली पायरी बंद झाली. एम. ए.ला साधारणपणे ५५ टक्के गुण, किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के, असे असल्यास अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांस त्यात सवलत आहे. २०२४ पासून ‘नेट’ परीक्षेचे गुण या प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले आहेत. आरंभी काही महिने वर्गात बसून संशोधनपद्धती शिकावी लागते. नोंदणीपासून किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे, अशी मुदत आहे. स्त्रियांस ती आणखी वाढवून मिळू शकते, आणि सून, आई व संशोधक या तिन्ही भूमिका एका वेळी निभावणाऱ्या कित्येकींना या सवलतीचे मोल चांगलेच ठाऊक आहे.

या वर्षांत सर्वांत महत्त्वाची निवड मार्गदर्शकाची. विद्यार्थी विद्यापीठाचे नाव पाहतात आणि मार्गदर्शकाविषयी चौकशी करीत नाहीत, ही मोठी चूक होय. मार्गदर्शकाने कशावर काम केले आहे, तो विद्यार्थ्यांना वेळ देतो काय, त्याचे मागील विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले, हे आधी विचारावे. विचारण्यात संकोच नसावा. मतभेदाची तयारीही हवी. इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे नामांकित पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असा तेथील कयास होता. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि असा संबंध दिसत नाही हे आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, परीक्षा ज्याच्या हाती त्याच्याच मताविरुद्ध! १९३० साली त्यांना पदवी मिळाली.

पोटापाण्याचे काय, ही दुसरी शंका राहिली. येथे गोड बोलण्यात अर्थ नाही. महाविद्यालयांतील कायम जागा थोड्या आणि उमेदवार फार, पीएच. डी. झाल्यावरही तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे अध्यापक आपल्या ओळखीत सापडतील. संशोधनकाळात कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास मात्र ओढाताण कमी होते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे. अध्यापनाखेरीज पाहणी व सर्वेक्षणे करणाऱ्या संस्था, स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रे यांत या विषयाच्या पदवीधरांस काम मिळते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, आणि ती परीक्षा मराठीतून देता येते. ‘नेट’ मात्र इंग्रजी किंवा हिंदीतूनच द्यावी लागते. मराठीतून पदवी घेतलेल्या खेड्यातील मुलाची खरी अडचण येथे असते. बुद्धी कमी पडत नाही, इंग्रजी ग्रंथ वाचण्याचा सराव कमी पडतो. त्याने पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज दोन पाने इंग्रजी वाचावीत आणि त्यांचा सारांश मराठीत लिहावा. इरावतीबाईंनी दोन्ही भाषांत लिहिले; ‘युगान्त’ मराठीत लिहिणाऱ्या त्याच, आणि आप्तसंबंधांवर इंग्रजीत लिहिणाऱ्याही त्याच.

घरात या विषयाची बोलणी चालली असतील, तर निर्णयापूर्वी एक करून पाहावे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशातील विद्यापीठांचे असंख्य प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या जिल्ह्यावरचा, आपल्या जातीवरचा किंवा आपल्या धंद्यावरचा एखादा प्रबंध काढावा. मुलाने किंवा मुलीने तो वाचावा, आणि रात्री जेवताना आजीला विचारावे, की यात लिहिले आहे ते खरे काय. आजी म्हणेल, ‘छे, आमच्याकडे असे नव्हते.’ तसे म्हणाली, तर ‘मग कसे होते?’ असे विचारून वही उघडावी.