पदवीनंतर रंगभूमीची वाट

महाशिवरात्रीच्या सुमारास हिमायतनगर येथे भरणाऱ्या श्री परमेश्वराच्या यात्रेतील गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या भागात कलेला प्रेक्षक नाही असे कधीच वाटणार नाही. जवळच्या माहूरगडी रेणुकामातेचा गोंधळ आहे, किनवटच्या डोंगराळ पट्ट्यात आदिवासींचा ढेमसा आहे आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड व लावणी यांची जुनी परंपरा आहे. असे असूनही, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात टाळ्या मिळविणारा येथील मुलगा अथवा मुलगी पदवी हाती पडताच नृत्याचा किंवा अभिनयाचा नाद सोडून देते. घरच्यांच्या दृष्टीने ती हौस असते. आणि ती व्यवसायात कशी रूपांतरित करावयाची, हे सांगणारे गावात सहसा कोणी नसते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना ही माहिती असल्यास ती योग्य वेळी योग्य घरापर्यंत पोहोचू शकेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

तयारी पदवीपूर्वीच

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पदवीनंतर या क्षेत्रात प्रवेश करता येतो हे खरे. परंतु त्याची तयारी पदवीनंतर सुरू करून चालत नाही. दिल्ली येथील राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे उदाहरण घेऊ. १९५९ साली संगीत नाटक अकादमीने स्थापन केलेली व १९७५ पासून स्वायत्त असलेली ही संस्था नाट्यकलेचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालविते व विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही देते. प्रवेशासाठी पदवी तर लागतेच. त्याखेरीज उमेदवाराने किमान सहा नाट्यनिर्मितींत भाग घेतलेला असावा, अशी अट ठेवण्यात येत आली आहे. प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना पुढे दिल्लीच्या कार्यशाळेत पारखले जाते. तृतीय वर्षाच्या परीक्षेनंतर जागा झालेला विद्यार्थी सहा नाटके कोठून आणणार? म्हणून प्रथम वर्षापासूनच प्रत्येक एकांकिकेची कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्र व छायाचित्र जपून ठेवावे, हे शिक्षकांनी त्यास सांगितले पाहिजे.

नृत्याच्या बाबतीत तर कालावधी याहून मोठा आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक व भरतनाट्यम् परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा व विशारद अशा क्रमाने चढत जातात. शेवटच्या तिन्ही पायऱ्यांचे प्रथम व पूर्ण असे दोन भाग असल्याने विशारद होईपर्यंत सात परीक्षा द्याव्या लागतात, त्यापुढे अलंकार. याचा अर्थ असा की, नृत्यशिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीने शाळेतच आरंभ करणे इष्ट होय. शास्त्रीय कला व लोककला यांत प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची तरतूद राज्यात आहे. पालकांचे मन वळविण्यास तिचा चांगला उपयोग होतो.

शिक्षणाच्या सोयी

हिमायतनगर हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानक आहे; त्यामुळे नांदेड तसे दूर नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात नृत्य, एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय अशा स्पर्धा होतात आणि तेथून निवडलेले कलावंत राज्यातील विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवात जातात. लहान गावातील विद्यार्थ्यास परीक्षकांच्या नजरेसमोर येण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग होय.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्याला अनेक रंगकर्मी दिले. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य व नाट्य यांचे शिक्षण देत आहे, तर मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ साली सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक वामन केंद्रे हे बीड जिल्ह्यातील. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या या खेड्यातील तरुणाने पुढे ‘झुलवा’सारखे नाटक रंगभूमीवर आणले आणि २०१३ मध्ये तो त्याच विद्यालयाचा संचालक झाला.

बोली हेच भांडवल

ग्रामीण विद्यार्थ्याला आपल्या भाषेचा संकोच वाटतो. पुण्या-मुंबईची भाषा साधली नाही तर रंगमंचावर निभाव लागणार नाही, अशी त्याची समजूत असते. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ती खोटी ठरविली. नाट्यशास्त्राचे हे प्राध्यापक १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग सादर करू लागले. मराठवाड्याच्या बोलीत बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करणारा हा प्रयोग देशोदेशी गेला आणि २००९ मध्ये त्यांच्या निधनानंतरही तो अन्य कलावंताकडून रंगमंचावर आला. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शुद्ध उच्चारांचा अभ्यास अवश्य करावा, पण बोली टाकून देऊ नये. आणि अध्यापनाची नोकरी सांभाळूनही उच्च दर्जाची कलासाधना होऊ शकते.

उपजीविकेचा विचार

या व्यवसायात उत्पन्न अनियमित असते, हे पालकांपासून लपवू नये. केवळ चित्रपट अथवा मालिका यांवर दृष्टी ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्थैर्य लाभते. उलट नृत्यवर्ग, शाळांतील कलाशिक्षण, शासकीय योजनांची प्रसिद्धी करणारी लोककला पथके, ध्वनिमुद्रण, नेपथ्य, प्रकाशयोजना व रंगभूषा अशी अनेक कामे या क्षेत्रात आहेत. एखादे तांत्रिक अंग शिकून घेतलेल्या नटाचा महिना सहसा रिकामा जात नाही.

पुढील शिक्षणासाठी केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. ती १८ ते २५ वयोगटासाठी असून, गुरूकडे काही वर्षे शिक्षण घेतलेले असणे तीत अपेक्षित असते. येथेही पूर्वतयारीचाच प्रश्न येतो. वय व पात्रता यांच्या अटी बदलत असल्याने त्या त्या वर्षीची जाहिरात पाहूनच अर्ज करावा.

एका बाबतीत मात्र सावध राहणे अगत्याचे आहे. भूमिका देण्याच्या आमिषाने नोंदणी शुल्क अथवा छायाचित्रांचा खर्च मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. काम देणारा कलावंतास मोबदला देतो. त्याच्याकडून पैसे घेत नाही. परगावी चाचणीस जाताना, विशेषतः मुलींनी, ठिकाण व वेळ घरी कळवून सोबत घेऊन जावे आणि काम स्वीकारताना करार लेखी करावा.

गावाने काय करावे?

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचे प्राथमिक फेरीचे एक केंद्र नांदेड येथे असते. तालुक्यातून निदान एक संघ या स्पर्धेत उतरावा, असा प्रयत्न शिक्षकांनी करावयास हरकत नाही. आज प्रथम वर्षात असलेल्या मुलांची सहा नाटके अशाच प्रयत्नांतून पूर्ण होतील. ग्रामपंचायतीने सायंकाळी रिकामे राहणारे सभागृह अथवा शाळेची खोली तालमीसाठी द्यावी. त्यास खर्च येतो तो केवळ विजेचा. गावातील वृद्ध गोंधळी, शाहीर व भारूडकार यांना राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेची माहिती देऊन अर्ज भरण्यास साहाय्य करावे आणि त्यांच्या कलेचा लाभ तालमीतील मुलांना मिळेल असे पाहावे.

स्नेहसंमेलनात नाचलेल्या मुलीला पदवीनंतर नेमके कोठे जावयाचे हे ठाऊक असेल, तर तिच्या वडिलांच्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर असेल. ते उत्तर तिला वेळेवर पुरविणे एवढेच आपले काम आहे; पुढची साधना ती स्वतः करील.