पोकळीतलं पाणी

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायचे, ही युक्ती आपल्यापैकी बहुतेकींना आईकडून नाहीतर सासूबाईंकडून मिळालेली असते. नव्या पर्समधून, बुटांच्या खोक्यातून निघणारी ती ‘खाऊ नये’ असं लिहिलेली छोटी पुडीही आपल्या चांगल्या ओळखीची. दोघांचं काम एकच, हवेतला ओलावा ओढून घेणं. पण ओढून घेतलेला हा ओलावा परत मागता आला तर? हवेतून पाणी घेऊन ते आपल्याच तांब्यात ओतता आलं तर? हसू नका मैत्रिणींनो! २०२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या संशोधनाला मिळालं, त्याच्या जोरावर हे करून दाखवलं गेलंय.

८ ऑक्टोबर २०२५ ला तीन नावं जाहीर झाली. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतल्या बर्कलीचे ओमर याघी. त्यांनी घडवलेल्या पदार्थांचं नाव ‘मेटल ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’, थोडक्यात ‘मॉफ’. केमिस्ट्री म्हटलं की मला अजूनही कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो कुजक्या अंड्यांचा वास आठवतो. त्यामुळे बातमी नुसती चाळून सोडणार होते, पण वाचता वाचता गुंतत गेले.

मॉफ समजून घ्यायला आपला आकाशकंदील पुरेसा आहे. कागद चिकटवण्याआधीचा त्याचा सांगाडा डोळ्यांपुढे आणा. बांबूच्या काड्या आणि जिथे काड्या मिळतात तिथे दोऱ्याच्या गाठी. मॉफमध्ये गाठींच्या जागी धातूचे कण असतात आणि काड्यांच्या जागी कार्बनचे लांबट रेणू. असे अब्जावधी सांगाडे एकमेकांना जोडून जो स्फटिक तयार होतो, तो दिसायला साधी पूड. पण आतून नुसत्या खोल्याच खोल्या. यातल्या ‘एमओएफ-५’ नावाच्या पदार्थाच्या दोन-तीन ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढं भरतं! चमचाभर साखरेपेक्षाही कमी वजनात एवढी जागा. आणि या भिंतींनाच वायूचे, पाण्याचे रेणू येऊन चिकटतात.

या शोधाची सुरुवातही मोठी गमतीची आहे. १९७४ मध्ये रॉबसन यांना विद्यार्थ्यांसाठी रेणूंची मॉडेल्स करायची होती. लाकडी गोळे म्हणजे अणू आणि दांड्या म्हणजे बंध. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची ते त्यांनी कार्यशाळेत नेमकं सांगितलं. गोळे हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागा बरोबर असल्या की मॉडेल आपोआप बरोबर जुळतं. मग खऱ्या अणूंनाच असं जुळवता येईल का? हा विचार त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ मनात ठेवला आणि १९८९ मध्ये तांब्याचे कण वापरून असा पोकळ स्फटिक बनवून दाखवला. तो नाजूक होता, पटकन मोडायचा. ‘याचा उपयोग काय?’ असंच बहुतेकांना वाटलं. कितागावांना तर या कामासाठी निधी नाकारला गेला. तरी १९९७ मध्ये त्यांच्या गटाने असा सांगाडा केला, की वायू आत शिरून बाहेर पडला तरी तो जसाच्या तसा उभा राहिला. १९९९ मध्ये याघींचा एमओएफ-५ आला. तो रिकाम्या अवस्थेत ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला तरी ढासळत नाही.

मला सगळ्यात जवळचे वाटले ते याघी. जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात ते वाढले. वडील सहावीपर्यंत शिकलेले, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. एका खोलीत सगळं कुटुंब आणि सोबत गुरंसुद्धा. नळाला पाणी यायचं आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, तेही काही तास. पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायला हा मुलगा धावायचा. पंधराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि पुढे त्याच्याच प्रयोगशाळेतून वाळवंटातल्या हवेतून पाणी काढणारी पूड निघाली.

ती चालते कशी? रात्री हवा गार असते, तेव्हा हवेतली वाफ पुडीच्या पोकळ्यांत शिरून बसते. दिवसा ऊन तापलं की पूड ती वाफ सोडते आणि वाफ गार होऊन थेंब-थेंब पाणी जमतं. खरी हुशारी आहे ती ‘सोडण्यात’. ओलावा घट्ट धरून ठेवणारे पदार्थ खूप आहेत, पण त्यांच्याकडून तो परत मिळवायला फार उष्णता लागते. मॉफच्या पोकळ्या मात्र हव्या तशा घडवता येतात, त्यामुळे नुसत्या उन्हानेही काम भागतं. एमआयटीच्या एव्हलिन वांग यांच्या गटाने याघींबरोबर २०१७ मध्ये असं पहिलं छोटं यंत्र मांडलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात अ‍ॅल्युमिनियमच्या एका मॉफने एका किलोमागे दिवसाला ०.७ लिटर पाणी दिलं.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना सांगितलं. त्यांचं माहेर दुष्काळी भागातलं, लहानपण पाण्याच्या रांगेत गेलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, पर दिवसाला हंडे किती भरत्याल?”

मग मीच कागद-पेन्सिल घेऊन बसले. पाच माणसांच्या घराला नुसतं पिण्या-स्वयंपाकाला २० लिटर धरलं, तर मोहावेच्या हिशेबाने २८-२९ किलो पूड हवी. हवा जास्त दमट असेल तर कमी पुरेल, हे खरं. पण धुणी-भांडी, अंघोळ, गुरंढोरं यात कुठेच बसत नाहीत. म्हणजे विहिरी, बंधारे, नळयोजना यांचं काम ही पूड करणार नाही. जिथे दुसरी काही सोयच नाही, तिथे निदान पिण्यापुरतं पाणी दारात मिळण्याची शक्यता मात्र तिने दाखवली आहे.

आणि ‘दारात’ या शब्दाची किंमत बाईला विचारावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात १८० कोटी लोकांच्या घरी किंवा आवारात पाण्याची सोय नाही. अशा दहापैकी सात घरांत पाणी भरायची जबाबदारी बायका-मुलींवर आहे. ते तास शाळेतून, झोपेतून, कमाईतूनच कापले जातात.

मॉफचे उपयोग इतरही आहेत. कॅनडात एका कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला ते वापरून पाहिलं गेलंय. अढीतले आंबे ज्या वायूने भराभर पिकतात, तो इथिलीन शोषून फळं जास्त दिवस टिकवायचेही प्रयत्न चालू आहेत. असे हजारो मॉफ आज तयार झालेत आणि प्रत्येकाची पोकळी वेगळी.

तेव्हा यापुढे ‘हवेतून पाणी’ अशी जाहिरात किंवा बातमी दिसली, तर नुसत्या नवलाईने भुलून जाऊ नका. एका दिवसात किती लिटर, कुठल्या हवेत, विजेवर की उन्हावर, पूड किती वर्षं टिकते आणि किंमत काय, एवढं नक्की विचारा. आणि उत्तर लिटरमध्ये मिळालं, तर त्याचे हंडे करून बघा.